द्यायची कितीला?

"मामा, गाडी देताय काय ओ?"

बेळगावजवळच्या काकतीत हायवेच्या कडेला घर असलं आणि अंगणात ताडपत्रीखाली जुनी मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी उभी असली, की हा प्रश्न अधूनमधून येतोच. विचारणारा कधी बेळगावचा गॅरेजवाला असतो, कधी गोव्याहून परत निघालेला कोल्हापूरचा हौशी, कधी संकेश्वरकडचा भंगारवाला. प्रश्न एकच, पण तिघांना दिसणारी गाडी वेगळी. गॅरेजवाल्याला चालती गाडी हवी, हौशाला त्याचं लहानपण हवं आणि भंगारवाल्याला पत्रा. आपण मात्र तिघांना एकच आकडा सांगतो. तोही मोबाइलवर कुठल्याशा जाहिरातीत पाहिलेला.

तो आकडा जरा बाजूला ठेवा. जाहिरातीत असतो तो मागितलेला भाव. गाडी त्या भावाला गेली की नाही, हे जाहिरात सांगत नाही. तीच पद्मिनी, तोच फोटो, मागे तीच नारळाची झाडं, आणि जाहिरात मात्र आठ महिने जुनी, असं दिसलं तर त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की त्या भावाला कुणी घेत नाही.

मोठ्या आकड्याचा हा मोह आपल्याला उगाच लागलेला नाही. ज्यांच्या अंगणात आज या गाड्या आहेत, ती पिढी टंचाईत वाढली. १९५९ च्या नियंत्रण आदेशाखाली नवी मोटार नंबर लावून मिळायची आणि मिळाल्यावर लगेच विकायची मुभाही नसायची. फियाटसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे वापरलेली गाडी नव्याहून महाग गेल्याचे किस्से घरोघरी आहेत. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तेव्हा गाडीची किंमत होती ४७,५०० रुपये. पुढची काही वर्षं तिच्याही रांगा लागल्या आणि रांगेतला नंबर विकून पैसे करणारेही निघाले. गाडी विकली की चार पैसे वाढून येतात, हा हिशोब त्या काळातून आपल्या हाडीमाशी खिळला आहे. आज रांग नाही. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण देशात तिची पंचवीस लाखांहून जास्त गिऱ्हाइकं झाली. इतकी मुबलक वस्तू फक्त जुनी झाली म्हणून दुर्मीळ होत नाही.

आणि त्या पहिल्या मारुतीचं काय झालं? हरपाल सिंग २०१० मध्ये गेले आणि डीआयए ६४७९ नंबरची ती गाडी दिल्लीत त्यांच्या घराबाहेर गंजत पडली. पुढे कंपनीनं तिची डागडुजी करून ती आपल्या मुख्यालयात मांडली. देशातल्या पहिल्या मारुतीला जर इतकी वाट पाहावी लागली, तर आपल्या १९९८ च्या पांढऱ्या ८०० साठी कुणी पळत येईल ही आशा जरा आवरलेली बरी.

मग भाव धरायचा कसा? वरून खाली येऊ नका, खालून वर चढा. सगळ्यात खालची पायरी वजनाची. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची, पद्मिनी नऊशेच्या आसपास. भंगाराचा त्या दिवशीचा भाव विचारा आणि गुणाकार करा. किलोला ३० रुपये धरले तर मारुतीचे साडेएकोणीस हजार आणि पद्मिनीचे सत्तावीस हजार होतात. सीट, काचा, टायर यांची घट भंगारवाला धरणारच, म्हणून त्यातून थोडे वजा करा. हा तुमचा तळ. याच्या वरचा प्रत्येक हजार रुपया कशाच्या तरी जोरावर मागायला लागतो, आणि तो जोर दाखवता आला पाहिजे. "आमच्या आण्णांनी जिवापाड जपलेली गाडी हाय," हा जोर नव्हे. आण्णांनी दर वर्षी केलेल्या सर्व्हिसिंगची बिलं फाइलला लावलेली असतील, तर तो जोर.

पहिला जोर कागदाचा. माझ्या मते जुन्या छोट्या गाडीचा निम्मा भाव आरसीतच असतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याला आपण सरसकट पासिंग म्हणतो. त्याची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० करण्यात आली. वर राज्याचा ग्रीन टॅक्स वेगळा. पण खरी मेख उशिराच्या दंडात आहे. मुदत टळली की मोटारीला महिन्याला ५०० रुपये चढत जातात. पाच वर्षं गाडी ताडपत्रीखाली राहिली तर साठ महिन्यांचे तीस हजार झाले, म्हणजे मारुतीच्या वजनाच्या भावापेक्षाही जास्त. गिऱ्हाईक हा हिशोब तुमच्यासमोर बोलून दाखवत नाही, पण मनात करूनच येतं. म्हणून विकायचा विचार मनात आला की आधी बेळगावच्या किंवा चिक्कोडीच्या आरटीओत जाऊन नेमका किती भरणा बाकी आहे ते विचारून या. पासिंग करून विकायची की आहे तशी, हे त्या आकड्यावरून ठरवा. आकडा वीस हजारांच्या आत असेल तर पासिंग करून विकलेलं बरं, कारण चालत्या कागदाची गाडी दहा जण बघायला येतात आणि मेलेल्या कागदाची दोघंच, तेही हातात वजनकाटा घेऊन.

याच खेपेत आणखी एक गोष्ट तपासा. हातानं लिहिलेल्या जुन्या आरसी बुकातल्या पुष्कळ नोंदी 'वाहन'च्या ऑनलाइन दप्तरात चढलेल्याच नाहीत. मोबाइलवर नंबर टाकला आणि गाडी दिसली नाही, तर गिऱ्हाईक तिथंच पाऊल मागं घेतं. ही बॅकलॉगची नोंद मूळ बुक दाखवून करून घ्यावी लागते आणि त्याला दिवस लागतात. बँकेचा बोजा पंचवीस वर्षांपूर्वीच फेडला, पण बुकात तो अजून दिसतोय, असंही होतं. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन तो उतरवून घ्या. ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर चार हेलपाटे धरूनच चला. आण्णा गेले असतील आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी वारसांच्या संमतीनं ती आपल्या नावावर करून घ्या. मयताच्या नावावरची गाडी घेणारा निम्म्या भावाच्या वर बोलत नाही. २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी पाट्याही लागतात, त्या आधीच बसवा. खर्च थोडा आहे, पण 'पाट्या नाहीत' म्हणून पाच हजार तोडायला समोरच्याला निमित्त मिळतं.

आता आपल्या पट्ट्याची खास अडचण, सीमा. काकतीहून हायवेला लागलं की हत्तरगीचा टोल, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी आणि लगेच कागल. आपल्याला हा सगळा एकच मुलूख. लग्नं, देवदेव, दवाखाना, सगळं इकडून तिकडं. गाडीला मात्र कोगनोळीच्या पलीकडे परकं राज्य सुरू होतं. बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. आधी इकडचा फॉर्म २८, म्हणजे एनओसी, मग तिकडचा कर, तिकडची तपासणी, नवा नंबर. म्हणून केए २२ किंवा केए २३ ची तीच गाडी बेळगाव-निपाणीच्या गिऱ्हाइकाला जितक्याला परवडते, तितक्याला एमएच ०९ च्या कोल्हापूरकराला परवडत नाही. तो पंधरा-वीस हजार कमी बोलला तर तो फसवतोय असं नाही, त्याच्या खिशातून ते खरोखरच जाणार आहेत. शिवाय नंबर बदलला की हौशी माणसाच्या दृष्टीनं गाडीची अर्धी गंमतही जाते. केए येण्याच्या आधीच्या अक्षरांची काळी पाटी पाहून जो आला, त्याला नवा एमएच नंबर नको असतो. तेव्हा गाडी साधी, चालवायची असेल तर गिऱ्हाईक निपाणीच्या अलीकडेच शोधा. खरोखर जुनी आणि देखणी असेल तरच कोल्हापूर, पुणे, गोवा.

दुसरा जोर पत्र्याचा. इंजिनाचं लोकांना उगाच भय. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन काय आणि मारुतीचं ७९६ सीसीचं काय, बोअर-पिस्टनचं काम करणारे हात बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत. नसलेला पार्ट लेथवर करून मिळतो. सडलेला पत्रा मात्र लेथवर होत नाही. आमच्याकडचा पाऊस आणि चार महिने चिखलातली गाडी, म्हणजे गंजाला आमंत्रणच.

एकदा निपाणीचा एक गिऱ्हाईक शेजाऱ्यांची ८०० बघायला आला होता. पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी, कपाळाला अष्टगंध. इंजिन सुरू करा म्हणून तो बोललाच नाही. आधी पायाजवळची मॅटिंग उचलली आणि खालच्या पत्र्यावर किल्लीनं टिचक्या मारत गेला. ड्रायव्हरच्या टाचेखाली आवाज बदलला, तिथं थांबला. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांच्या खालच्या कडेनं फिरवलं. जिथं चिकटलं नाही तिथं बोटानं खूण केली. एकूण चार खुणा. "सावकार, हितं पत्रा न्हाई, लांबी हाय," एवढंच म्हणाला आणि बोललेल्या पासष्टचे बावन्न केले. शेजाऱ्यांना वाटलं, तेरा हजार बुडाले. मला वाटतं, बावन्नही त्यांना बरेच मिळाले. दीड महिन्यापूर्वीच त्यांनी नऊ हजार घालून गाडी चकचकीत करून घेतली होती, आणि तो नवा रंगच त्या माणसाच्या मनात संशय पेरून गेला.

म्हणून विकायच्या तोंडावर नवा रंग देऊ नका. जुना, फिका, जागोजागी खरचटलेला पण मूळचा रंग जाणकाराला जास्त खरा वाटतो. धुवा, आतून झाडा, बॅटरी चार्ज करा, टायरमध्ये हवा भरा, बस्स. एक खर्च मात्र जरूर करा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि जुन्या रबरी पाइपांना ते मानवत नाही. पेट्रोलचे पाइप बदलून त्याचं बिल ठेवा. त्यानं भाव फार वाढणार नाही, पण चाचणीला निघालेली गाडी होनग्याच्या आसपास पेट्रोलचा वास सोडत बंद पडणार नाही.

रिस्टोरेशनचं तर विचारूच नका. समजा पद्मिनीच्या पत्र्याला साठ हजार, रंगाला पन्नास, इंजिनाला चाळीस आणि सीट-छताला तीस घातले. एक लाख ऐंशी हजार झाले, त्यात बंपरचं क्रोम अजून धरलेलंच नाही. आधी ऐंशी हजारांना गेली असती ती गाडी आता कितीला जाईल? दोन लाख साठ? माझा अंदाज पावणेदोनचा, आणि तोही धीर धरला तर. घातलेल्या पैशातला निम्मा परत आला तर देव पावला म्हणायचं. गाडी ठेवायची असेल तर हौस म्हणून खुशाल करा, त्यात मीही पैसे घातले आहेत. विकण्यासाठी म्हणून करू नका.

'विंटेज' या शब्दाचा घोळही इथंच सोडवू. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी विंटेज. अशा गाडीला नव्यानं नंबर घ्यायचा तर 'व्हीए' अक्षरांचा मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. रोजच्या वापराला ती काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात निम्मी सूट मिळते, हा त्यातला फायदा. तेव्हा १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० डिलाइट यात बसते. तिच्या आधीची, गोल नाकाची 'डुक्कर फियाट' बसते. सत्तरच्या दशकाच्या मध्याची पद्मिनी आता आता बसू लागली आहे. मारुतीला मात्र अजून अवकाश आहे. देशातल्या पहिल्या मारुतीला विंटेज म्हणवून घ्यायलाही डिसेंबर २०३३ उजाडावा लागेल. कुणी तुमची १९९५ ची ८०० विंटेज म्हणून जास्त भावानं विकून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आकडे सांगा, म्हणाल. सांगतो, पण हे माझ्या नजरेचे अंदाज आहेत, दरपत्रक नव्हे. १९९७ नंतरची ८००, कागद चालू, पत्रा बरा, रोज फिरती, तर चाळीस ते सत्तर हजार. एकाच मालकाची, एसीची, इंजेक्शनवाली शेवटच्या काळातली असली तर थोडं वर. कागद मेलेली, बंद पडलेली असली तर वजनाच्या भावावर दोन-चार हजार, सुट्या भागांसाठी. १९८३ ते ८६ च्या दरम्यानची पहिल्या घाटाची, एसएस ८० म्हणतात ती, मूळ बंपर-डॅशबोर्डासह असेल तर हिशोबच वेगळा. दीड लाखापासून बोला, पण गिऱ्हाईक जिल्ह्यात मिळणार नाही हेही धरून चला. पद्मिनी चालती, कागद चालू, दुरुस्तीजोगी असेल तर साठ हजार ते सव्वा लाख. खरोखर नीट राखलेली असेल तर दोन लाखांच्या वर जाते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, त्या सुमारास या गाडीबद्दल सगळीकडे गहिवर दाटून आला होता. आमच्याकडेही दोन-तीन जणांनी लगेच भाव दुप्पट केले. त्यांतली एक पद्मिनी अजून चिंचेखाली उभी आहे आणि तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसतात.

सचिन तेंडुलकर आपली पहिली मारुती शोधत असल्याची बातमीही अशीच पुष्कळांनी मनावर घेतली. सचिनच्या मारुतीला सचिनचा भाव येईल. आपल्या मारुतीला आपला.

बोलणी करताना शेवटचा आकडा मनात पक्का करा आणि तोंडानं त्याहून दहा-पंधरा टक्केच वर बोला. दुप्पट बोललात तर खरं गिऱ्हाईक गाडीला हातही न लावता जातं. दोष आधी आपणच दाखवा. निपाणीकराच्या चुंबकाआधी आपण बोट ठेवलं, तर तेरा हजारांच्या जागी पाच तुटतात. इसार घ्या, पण 'इतक्या दिवसांत व्यवहार पुरा न झाल्यास' काय, हे कागदावर लिहून घ्या. आणि घाई नसेल तर पावसाळ्यात विकू नका. ओल्या अंगणातली गाडी निम्म्या भावाची दिसते. दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस बरे.

आता नावांतराचं, म्हणजे टीटीचं. इथं मी स्वतः पोळलोय. पहिली ८०० मी ओळखीच्या माणसाला दिली, शंभराच्या स्टँप पेपरवर सही घेतली आणि पेढे वाटले. दोन वर्षांनी दारात पोलीस. गाडीनं दूर कुठंतरी एका सायकलवाल्याला उडवलं होतं. मधे ती आणखी दोन हातांतून गेली होती आणि सरकारदरबारी मालक अजून मीच. स्टँप पेपर दाखवला, तर जमादार हसले. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं आहे. गाडी कितीही हातांतून गेली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. सायकलवाल्याचं थोडक्यावर निभावलं म्हणून मीही सुटलो.

तेव्हा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की ते गिऱ्हाइकाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. त्याच राज्यात विकली तर चौदा दिवसांत, बाहेर विकली तर पंचेचाळीस दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. स्वतः जा किंवा भरवशाच्या एजंटाला पाठवा आणि पोच घ्या. नावांतराच्या पावतीपर्यंत पाच-दहा हजार बाकी ठेवून घ्यायची तयारी असेल तर उत्तम, कारण त्या बाकीसाठी दोघंही कामाला लागतात. डीलरला देत असाल तर तो नोंदणीकृत आहे का ते बघा आणि फॉर्म २९ सी भरून घ्या. तो भरला की पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत गाडीची जबाबदारी त्याची.

गाडी नेतील त्या दिवशी तारीख आणि वेळ लिहून ताबापावती करा. सकाळी अकरा वाजता म्हणजे अकरा वाजताच लिहा, 'सकाळी' नको. आरसी, विमा, घेणाऱ्याचं आधार आणि किलोमीटरचा काटा यांचे फोटो काढा. डिकी, दारांचे कप्पे, सीटखाली सगळं बघा. आमच्या पद्मिनीच्या मागच्या सीटखाली आईची हरवलेली जोडवी सापडली होती, सोळा वर्षांनी. आणि काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा, बँकेला कळवून बंद करा. हे काम चहाच्या आधी करा. चहा होऊन गाडी फाटकाबाहेर पडली की अर्ध्या तासात हत्तरगी येतं, आणि टोल कापल्याचा मेसेज तुमच्याच मोबाइलवर येतो.